आईच्या तांबड्या भाताचा राब

आमच्या बी.एड.च्या वर्गाने यंदा स्मरणिका काढायची ठरवली आहे. प्रत्येकाने आपली खुशाली दहा ओळींत लिहून पाठवायची, फोटोसकट. ग्रुपवर रोज टोमणा येतो, लेखकमहाशय, तुमचंच राहिलंय. लेखकमहाशय म्हणजे मी. सगळ्या वर्गात कादंबऱ्या लिहिण्याचा उद्योग मी एकट्यानेच केला, म्हणून हा मान. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला दहा ओळी जड जाव्यात हे तसं हसण्यासारखंच आहे. कारण बातम्या माझ्याकडे आहेत, आणि चांगल्याच आहेत. चौथी कादंबरी छापायला गेली. मेअखेर मी शाळेतून निवृत्त होतोय. आणि माझ्या मुलीला, मीनलला, मुलगी झाली. नात आता साडेपाच महिन्यांची आहे आणि मला बघितलं की भोकाड पसरते.

एवढं लिहून झालं आणि खिडकीतून धुराचा वास आला.

फेब्रुवारी संपत आला की कर्जतला हा वास येतो. पूर्वी चहूबाजूंनी यायचा, आता एखाद्या दिशेने येतो, तोही दुपारपुरता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तक्रार पडते की कुणीतरी कचरा जाळतंय. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खिडक्या लावून घेतात. माझी बायको शैलासुद्धा वाळत घातलेले कपडे आत घेते आणि पुटपुटते. मी मात्र खिडकीशी उभा राहतो. शेणाचा, वाळक्या पाल्याचा, वरच्या मातीचा असा तिहेरी वास असतो तो, आणि ज्याने लहानपणी तो घेतलाय त्याला राब ओळखू येतो. कचऱ्याला असा वास येत नाही.

राब म्हणजे भाताचं रोप करायचा वाफा, उन्हाळ्यात भाजून तयार केलेला. खाली शेण पसरायचं. त्यावर झाडांची तोडलेली टहाळं, त्यावर पातेरा, म्हणजे रानातून गोळा केलेला वाळका पाला, वर गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर, आग दबून राहावी म्हणून. मग पेटवायचं. जमीन नीट भाजली की तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं आणि पावसाळ्यात रोप असं तरारून येतं की बघत राहावं. खालापूरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, आणि तिथे माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा राब नावाजलेला होता. लोक बांधावर थांबून त्याचं रोप बघायचे.

स्मरणिकेच्या ओळी अडल्या त्याला तो वास एकटाच कारण नव्हता. त्याच सकाळी मीनलचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण करायचंय आणि पहिला घास आजीच्या तांबड्या तांदळाच्या पेजेचा द्यायचा, असं तिच्या मनात आलंय. तिची आजी म्हणजे माझी आई. मीनलने तिच्या हातची पेज लहानपणी खाल्लेली आहे, पण तिला ती आठवली माझ्या पुस्तकातून. "बाबा, तुमच्या कादंबरीतला तो भात, काकांकडे असेल ना?" असं तिने अगदी सहज विचारलं. मी म्हटलं, बघतो. आता काय बघणार होतो, कपाळ?

आई तो भात माहेराहून घेऊन आली होती, माथेरानच्या डोंगराखालच्या एका वाडीतून. त्याला धड नावसुद्धा नव्हतं, घरात त्याला नुसतं तांबडं म्हणायचे. ताठ उंच वाढायचा, उशिरा पिकायचा, आणि दाणे इतके कमी द्यायचा की शहाणा शेतकरी त्याच्या वाटेला गेला नसता. पण पेज केली की गुलाबी व्हायची आणि सगळ्या घरभर वास सुटायचा. आजारी माणसाला तीच, बाळंतिणीला तीच. दहावीच्या परीक्षेला मी पहाटे अभ्यासाला उठायचो तेव्हा आई पितळीत ती ओतून समोर ठेवायची, वर मिठाचा खडा आणि तोंडी लावायला सुकट. आई गेल्यावर दादाने सगळीकडे सुधारित वाण लावले, पण विहिरीजवळचा चार खाटांएवढा वाफा आईच्या तांबड्यासाठी ठेवला. त्या वाफ्याला आमच्याकडे आईचा राब म्हणायचे. गावातले मोठे राब कुणीही कुणाचा पेटवायचा. हा मात्र आम्हा दोघांपैकी एकानेच पेटवायचा, असा दादाचा नेम होता. म्हणजे दरवर्षी तोच पेटवायचा, कारण मार्चमध्ये मी कुठे असायचो तर पेपरांच्या गठ्ठ्यांत.

मला जो उन्हाळा सांगायचाय तो आता बारा-तेरा वर्षं मागे गेला. मीनल तेव्हा नववीत होती. पळस फुलून गेले होते, आंब्याचा मोहोर गळून पत्र्यावर पडत होता, आणि दहावीचे पेपर चालू होते. शाळेची खिडकी उघडी ठेवावी तर राबाचा धूर आत यायचा, बंद ठेवावी तर पोरं घामाने निथळायची. एका वाडीवरच्या मुलीचे डोळे धुराने इतके चुरचुरले की सुपरवायझर म्हणून मी तिला डोळे धुवायला बाहेर पाठवलं. ती जाताना म्हणाली, सर, आमचाच राब असंल तो, आज लावनार व्हते. आणि परत येऊन हसत हसत पेपर लिहायला बसली. मला त्या मुलीचं वाक्य इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते टिपून ठेवलं. त्या काळात मी सगळंच टिपून ठेवायचो. पहिल्याच कादंबरीचं काम चालू होतं, सात प्रकरणं झाली होती आणि आठवं अडलं होतं. आठवं प्रकरण राबाचं होतं.

अशात दादा पडला. राबासाठी ऐनाच्या झाडावर टहाळं तोडायला चढला होता, फांदी मोडली. पायाचं हाड दोन ठिकाणी गेलं. खोपोलीला दवाखान्यात ठेवलं, प्लास्टर मांडीपर्यंत. वहिनी त्याच्यापाशी. मी बघायला गेलो तर स्वतःच्या पायाचं काही नाही, राबांचंच बोलत होता. सगळे वाफे रचून झालेत, पेटवायचे तेवढे राहिलेत. मोठे शेजारी लावतील. मग मला जवळ बोलावून म्हणाला, "आईचा तू लाव, इनू. घरचा हात लागू दे."

मी हो म्हटलं. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच्यासाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून थोडं, आणि प्रकरणासाठी अनुभव मिळणार म्हणून जास्त.

मग त्याने मला पुन्हा पुन्हा समजावलं, एखाद्या ढ पोराला समजवावं तसं. "वारं कुटनं येतं ते आदी बग. येतं त्या अंगाला लावायचं नाय, जातं त्या अंगाला लावायचं. आग उलटी चालली पायजे, वाऱ्याच्या तोंडाला. मंग ती दमानं जाते आनि जमीन भाजते. दोन तास लागतील. बसून राय, उठू नको." शेवटी हेही सांगितलं की मागल्या साली निम्मं बी उंदरांनी खाल्लंय, मडक्यात उरलंय तेवढं सगळं यंदा याच वाफ्यात जायचंय, तेव्हा सांभाळून.

मला हे सगळं ठाऊक होतं. लहानपणापासून बघितलेलं. तरी मी मान डोलावून ऐकत होतो आणि मनात शब्दन् शब्द टिपून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी गावी पोचलो. शेतात कुणी नव्हतं. लांबून एक्स्प्रेसवेची घरघर येत होती, बाकी शांत. विहिरीवरून हंडा भरून आणून ठेवला. चिमूटभर माती सोडून वारा बघितला, तो पश्चिमेकडून येत होता. म्हणून पूर्वेच्या कडेला काडी लावली आणि बांधावर बसलो. अगदी सांगितल्याप्रमाणे.

आग चालायला लागली, पण कशी! मुंगीने चालावं तशी. धूर वाऱ्याबरोबर पाठीमागे जायचा आणि जाळ तेवढा खाली मान घालून पुढे सरकायचा. पंधरा मिनिटांत वीतभर गेली असेल. ऊन चढत होतं. आणि तिथे बसल्या बसल्या मला आठव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सुचलं. पाठोपाठ दुसरं. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, असं काही सुटलं की अंगात एक अधीरपणा येतो, कधी एकदा टेबलाशी बसतो असं होतं. घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. गठ्ठा जमा करायचाय, असं मी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं. गठ्ठा परवा जमा करायचा होता.

मी उठलो, वाफ्याच्या पश्चिमेच्या अंगाला गेलो आणि वारा येतो त्या बाजूने दुसरी काडी लावली.

मग काय विचारता! दहा मिनिटांत सगळा वाफा पेटला. ज्वाळा कमरेएवढ्या उठल्या, पातेरा तडतडला, ठिणग्या उडाल्या, आणि मला ते इतकं सुंदर वाटलं की मी पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडल्या. वरचं सगळं भुरकन जळून गेलं. हंडाभर पाणी कडेने शिंपडलं, बाराच्या आत स्कूटरला किक मारली आणि जेवायच्या वेळेला घरी. शैलाने विचारलं, एवढ्यात झालं? तिला म्हटलं, गठ्ठे आहेत ना.

संध्याकाळी दवाखान्यातून दादाचा फोन आला. त्याने एवढंच विचारलं, किती वेळ लागला. मी म्हणालो, दोन तास. तो म्हणाला, मंग झालं.

माझ्या त्या दोन शब्दांचा मी नंतर फार विचार केला. दोन तास, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मार्चचा पहिला पंधरवडा होता. रानात पातेरा अजून गळत होता. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्याने शिव्या घातल्या असत्या, नाही असं नाही, पण शेजाऱ्यांना सांगून वाफा पुन्हा रचून घेतला असता आणि पुन्हा भाजला असता. जमीन काही पळून जात नव्हती. काडीने काही बिघडलं नव्हतं, ती चूक निस्तरता आली असती. बिघडवलं ते फोनवरच्या दोन शब्दांनी.

आठवं प्रकरण मी दोन दिवसांत लिहिलं. त्यातला माणूस वाऱ्याच्या उलट राब लावतो. बांधावर बसून राहतो, दोन तास, न उठता. आग मुंगीच्या पावलाने येते आणि त्याला आपली आई आठवते, तिची पेज आठवते. लोकांना त्या पुस्तकातलं तेच प्रकरण सगळ्यात आवडलं. पत्रं आली. एका लहानशा कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं, तिथेही एका बाईंनी तेच प्रकरण वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, हे जगल्याशिवाय लिहिता येत नाही. मी हात जोडले. वर्गात फळ्यावर मी दरवर्षी लिहायचो, निबंधात स्वानुभव लिहा, ऐकीव लिहू नका. त्या वर्षीपासून ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझी पाठ वर्गाकडे असते याचं मला बरं वाटायला लागलं.

त्याच वर्षी मे महिन्यात दादा कुबड्या घेऊन शेतावर गेला. मी बरोबर होतो. मोठे राब बघितले, खूश झाला. मग आईच्या राबाशी आला आणि उभा राहिला. राख पांढरी पडायला हवी ती काळी होती. त्याने कुबडीच्या टोकाने माती उकरली. खाली टहाळाच्या काड्या जशाच्या तशा, साल धरून. शेणाची पापडीसुद्धा शाबूत. त्याने वर बघितलं, माझ्याकडे नाही, रानाकडे. एव्हाना पातेरा संपला होता आणि वळवाचे ढग रोज दुपारी जमायला लागले होते.

तो म्हणाला, "पातेरा ओला असंल."

मी म्हटलं, "असेल."

ही दुसरी संधी होती, आणि तीही मी घालवली. गावात ज्याने ज्याने विचारलं त्याला दादाने तेच सांगितलं, की पातेरा आपणच ओला भरला होता. राबाला नावाजलेला माणूस, स्वतःच्या तोंडाने स्वतःला नावं ठेवत फिरला.

पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. वाफ्यात रोपापेक्षा तण जास्त. त्यातलं एक गवत भातासारखंच दिसतं, लोंबी आल्याशिवाय फसवणूक कळत नाही. दादाला वाकता येत नव्हतं, वहिनी एकटी निंदून किती निंदणार, लावणीला आलेल्या बायांनी अर्धं गवतच लावलं. भाताचे जे थोडे ठोंब उभे राहिले ते पिवळे, रोडके. दसऱ्यानंतरच्या अवकाळी पावसात तेही झोपले आणि चिखलात मोडले. वहिनीने चिखलातून लोंब्या वेचून आणल्या, वाळवल्या. त्यातला दाणा पोचट निघाला. दुसऱ्या साली पेरला, उगवला नाही.

मग दादा बी शोधत फिरला. आईच्या माहेरी गेला, तिथे आता सगळे कंपनीत नाहीतर नेरळला कामाला, भात लावतात ते दुकानातून आणलेलं. मामाच्या मुलाने हसून विचारलं, तांबडं? ते कोन खातो आता? डोंगरातल्या वाड्यांवर गेला, बाजारात विचारलं. एकदा मला घेऊन गेला होता खालापूरच्या पुढे एका म्हाताऱ्याकडे, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. म्हाताऱ्याने मूठभर दाणे दाखवले. दादाने एक चावून बघितला आणि परत त्याच्या हातावर ठेवला. हे न्हवं, म्हणाला. येताना तो स्कूटरवर मागे बसला होता. मला वाटत होतं, आता विचारेल, आता विचारेल. तो विचारत नव्हता आणि मला सांगवत नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काही नाही. लोक मला मानायला लागले होते ना.

मीनलच्या त्या फोननंतर, गेल्या रविवारी, मी गावी गेलो. निवृत्तीची बातमी द्यायची, उष्टावणाला बोलवायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. खालची शेतं विकली गेलीत, तिथे आता भिंत घातलेला फार्महाऊस आहे आणि हिरवळीवर पाण्याचे फवारे उडतात. विहिरीकडचा तुकडा तेवढा दादाने ठेवलाय. तो आता सत्तरीला आला. ओटीवर बसला होता आणि शेजारी माझं पुस्तक. तेच, पहिलं. मी त्याला ते छापून आलं तेव्हाच दिलं होतं आणि इतकी वर्षं ते कॅलेंडरखालच्या फळीवर, कोऱ्या कव्हरात पडलेलं मी स्वतः बघत होतो. दादा कादंबऱ्या वाचत नाही. पण जानेवारीत वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात बसायचं होतं, म्हणून बरोबर नेलं म्हणे.

वहिनीने चहा आणला. काळा चष्मा लावून, चाचपडत. नातीचं विचारलं, आत गेली.

दादा पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, "राब बराबर लावलायस रं यात. वाऱ्याच्या उलट. दोन तास बसलायस."

मी कप खाली ठेवला.

"मंजी तुला ठावं व्हतं."

मी म्हणालो, होतं. आणि मग सगळं सांगितलं. दुसरी काडी, पाकिटावरच्या ओळी, परवा जमा करायचा गठ्ठा, सगळं. सांगताना मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस रडलो, आणि ते लपवलं नाही. संपल्यावर दादा म्हणाला, राखेवरून मला कळलंच होतं. आणि मग जे म्हणाला ते मला आता मरेपर्यंत पुरेल.

"मी फोनवर इचारलं ते त्याच्यासाठीच रं. तवा सांगितलं असतंस तर पुन्ना भाजला असता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं, माफी वगैरे. एखादा उतारा पोरांना समजावून सांगावा तसं त्याने मला ते सांगितलं आणि उठला. म्हणाला, चल, वारं फिरलंय.

मी त्याच्या मागून शेताकडे गेलो. विहिरीजवळचा वाफा रचलेला होता. चार खाटांएवढा, खाली शेण, टहाळं, पातेरा, गवत, वर चाळलेल्या मातीचा थर. इतक्या वर्षांत मार्चमध्ये मी कधी गावी फिरकलोच नव्हतो, आणि माझी अशी समजूत होती की त्या तुकड्यात तो आता वाल लावतो. त्याने चिमूटभर माती सोडली, वारा बघितला, आणि पूर्वेच्या कडेला वाकून काडी लावली. मग बांधावर बसला. मीही बसलो.

आग वाऱ्याला तोंड देत यायला लागली. धूर पाठीमागे कर्जतच्या दिशेला जात होता. मी शेवटी विचारलं की यात पेरतोस काय.

"जूनपातूर वाट बगतो," तो म्हणाला. "मंग घालतो दुसरं कायतरी."

मग हा वेगळा भाजतोस कशाला, एवढं मला विचारायचं होतं, ते त्याला न विचारता कळलं. वाफ्यावरची नजर न काढता तो म्हणाला,

"बी गावलंच कुटं, तर राब तयार पायजे ना."

आग अजून अर्ध्या वाटेवरसुद्धा आली नव्हती. मी बसून राहिलो.